घोड्यांच्या डॉक्टरचा टायर

हॉस्टेलवर ज्या विषयांवर रात्री दोन वाजेपर्यंत वाद चालू शकतो त्यात क्रिकेट आणि मेसची भाजी यांच्या खालोखाल टायरचा नंबर लागतो. कुणाच्या बाबांनी नवी गाडी घेतलेली असते, कुणाच्या बाईकचा मागचा टायर गुळगुळीत होऊन टक्कल पडलेला असतो. मग सुरू होतं. हा टायर जास्त चालतो, तो पावसात धरतो, ह्याचा आवाज येतो, तो महाग पण वसूल. प्रत्येकाकडे एक मामा असतो आणि त्या मामाने एका कंपनीच्या टायरवर लाखभर किलोमीटर काढलेले असतात. शेवटी निकाल लागत नाही, चहा प्यायला सगळे बाहेर पडतात.

गंमत म्हणजे दोन टायर शेजारी ठेवून कुठला चांगला आणि कुठला परवडणारा हे ठरवण्याचा हा उद्योग सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याची सुरुवात ज्या माणसाने केली तो मेकॅनिकल इंजिनिअर नव्हता. कुठल्याच शाखेचा इंजिनिअर नव्हता. तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याचं नाव आपण सगळ्यांनी वाचलंय, पण माणूस म्हणून तो फार थोड्यांना माहीत आहे. ते नाव म्हणजे जॉन बॉइड डनलॉप.

शेतकऱ्याचा मुलगा, पेशाने व्हेट

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशर भागातल्या ड्रेगहॉर्न या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. मूल दिवस भरण्याआधीच जन्मलं, त्यामुळे तू नाजूक आहेस हे लहानपणापासून त्यांच्या कानावर पडत राहिलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की आयुष्यभर ते प्रकृतीला जपून राहिले, आणि प्रत्यक्षात ८१ वर्षं जगले!

एडिंबरोला त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं. काही वर्षं स्कॉटलंडमध्येच प्रॅक्टिस केली आणि मग समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक, नंतर बेलफास्ट. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. बेलफास्टच्या मे स्ट्रीटवरचा त्यांचा दवाखाना १८८० च्या दशकात आयर्लंडमधल्या सर्वात मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता. त्या काळी शहराचं सगळं दळणवळण घोड्यावर. ट्रामला घोडा, मालाला घोडा, डॉक्टरच्या गाडीला घोडा. म्हणजे घोड्यांचा डॉक्टर हा आजच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या मालकासारखा झाला. पैसा, मान, सगळं होतं. चाकाच्या भानगडीत पडायचं काहीच कारण नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. घोड्यांवर उपचार करणाऱ्या माणसाला रस्त्याचा त्रास जितका कळतो तितका गाडीत बसणाऱ्यालाही कळत नाही. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. आपल्याकडेही त्या काळात वेगळं चित्र नव्हतं. राजर्षी शाहू महाराज ज्या घोडागाडीतून फिरत तिला कोल्हापूर खडखडा म्हणूनच ओळखतं. त्या नावातच आवाज आहे. लाकडी चाक, त्यावर लोखंडाची धाव आणि खाली दगड. जगभर चाकाचं गाणं हेच होतं.

अंगणातली टेस्ट

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि तिच्या चाकांवर भरीव रबराच्या पट्ट्या होत्या. दगडी रस्त्यावर ती चालवताना पोराची हाडं खिळखिळी व्हायची. १८८७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर बापाने विचार केला की चाक आणि दगड यांच्या मध्ये काहीतरी मऊ हवं. पण नुसतं मऊ असून चालत नाही. मऊ वस्तू दाबली की ती ताकद खाऊन टाकते. गादीवर चालून बघा, पाय लवकर दमतात. दाबल्यावर घेतलेली ताकद लगेच परत देईल असं काय आहे? कोंडलेली हवा!

त्यांनी साधारण ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी बनवली, ती चकतीच्या कडेवर बसवली, वरून कापडाची पट्टी ताणून लावली आणि पंपाने हवा भरली. मग अंगणात जॉनीच्या सायकलचं एक चाक आणि ही हवेची चकती दोन्ही ढकलून सोडून दिल्या. सायकलचं चाक थोडं जाऊन आडवं झालं. हवेचं चाक अंगण पार करून गेलं, फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उसळून मागे आलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही रोलिंग रेझिस्टन्सची टेस्टच होती. इन्स्ट्रुमेंट शून्य, खर्च जवळजवळ शून्य, ऑब्झर्व्हेशन एकदम क्लीअर.

पण थांबा. आपले सर व्हायवाला काय विचारतील? दोन्ही चाकांचा व्यास सारखा होता का? वजन सारखं होतं का? दोन्ही एकाच वेगाने सोडली होती का? उत्तर नाही असंच आहे. मोठं आणि जड चाक तसंही जास्त लांब जातं. तेव्हा नुसत्या त्या एका चाचणीवर हवेचा टायर श्रेष्ठ असं म्हणणं कच्चं ठरलं असतं. डनलॉप यांनी पुढची पायरी केली ती जास्त महत्त्वाची. त्यांनी हवेचे टायर त्याच तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना लावले. तीच सायकल, तोच मुलगा, तेच रस्ते, बदललं फक्त टायर. फरक तरीही दिसला. मग मोठ्या सायकलला लावून बेलफास्टच्या चेरीव्हेल मैदानावर चाचणी घेतली. फरक आणखी वाढला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे लॅब मॅन्युअलमधलं पहिलं वाक्य त्यांनी अंगणात पाळलं होतं.

असं होतं तरी का?

कडक चाक छोट्या दगडावर आलं की सगळी गाडी तेवढी वर उचलावी लागते. उचलायला लागणारी ऊर्जा पुढच्या वेगातून वजा होते, आणि खाली आपटताना ती आवाज, धक्का आणि उष्णतेत वाया जाते. हवेच्या टायरमध्ये तो दगड टायरच्या पोटात शिरतो. गाडी फारशी उचलली जात नाही. टायर जिथे दबतो तिथे हवा दाबली जाते आणि दगड ओलांडल्यावर ती बरीचशी ऊर्जा परत देते. थोडी ऊर्जा रबर स्वतःच खातो. त्याला आपण हिस्टेरेसिस म्हणतो. लांब ड्राइव्हनंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो ना, ती हीच ऊर्जा.

म्हणजे हवेचा टायर सगळीकडेच जिंकतो का? तसं नाही. पृष्ठभाग एकदम गुळगुळीत आणि कडक असेल तर कडक चाकच बाजी मारतं. रेल्वे आजही पोलादी चाकावर धावते, कारण रुळावर पोलादी चाकाचा रोलिंग रेझिस्टन्स मोटारीच्या टायरच्या काही पटींनी कमी असतो. टायर चांगला की वाईट हे एकट्या टायरवर ठरत नाही. टायर आणि रस्ता या जोडीवर ठरतं. बेलफास्टच्या फरसबंदीवर हवा जिंकली, याचं अर्धं श्रेय त्या फरसबंदीलाच आहे!

शर्यत

२३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटचा अर्ज केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटंट मिळालं. पण पेटंट हा कागद झाला. लोकांना पटायला मैदान लागतं. विली ह्यूम नावाचा बेलफास्टच्या सायकल क्लबचा कॅप्टन होता. काही फार नावाजलेला रेसर नव्हे. त्याने हवेच्या टायरची सायकल घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये उतरला. हो, कॉलेजचे स्पोर्ट्सच! ते जाडजूड टायर बघून प्रेक्षक हसले असं सांगतात. ह्यूमने सायकलच्या चारही शर्यती मारल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलला जाऊन तिथेही एक सोडून सगळ्या जिंकल्या.

हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉ नावाच्या डब्लिनच्या उद्योजकाची मुलं होती. दुसऱ्या एखाद्या बापाने पोरांना झापलं असतं. ड्यू क्रॉ यांनी टायर बघितला आणि धंदा ओळखला. १८८९ सालीच डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि बदल्यात काही शेअर घेतले. गोष्ट इथे संपली असती तर ती नेहमीची यशोगाथा झाली असती.

पेटंट गेलं!

१८९० साली कंपनीला कळवण्यात आलं की डनलॉप यांचं पेटंट टिकणार नाही. कारण हवेच्या टायरचं पेटंट ४५ वर्षांपूर्वीच निघालं होतं! ते घेणारा माणूसही स्कॉटिशच होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन. डिसेंबर १८४५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी त्यांनी हवेच्या चाकांचं पेटंट घेतलं होतं. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचं आवरण. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला असली चाकं लावून प्रात्यक्षिकही झालं होतं.

मग थॉमसन यांचा टायर चालला का नाही? टायर चालला, बाजार चालला नाही. तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती. घोडागाडीवाल्याला एवढा महाग टायर परवडत नव्हता आणि हमालीचा त्रास घोड्याला होता, मालकाला नव्हता. परफॉर्मन्स होता, व्हॅल्यू नव्हती. थॉमसन यांनी तो नाद सोडला आणि पुढे भरीव रबराच्या चाकांवर चालणारं वाफेचं रोड इंजिन बनवलं. ती इंजिनं १८७० च्या दशकात हिंदुस्थानातही आली. क्रॉम्प्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने उत्तरेकडच्या रस्त्यांवर ती चालवून पाहिली. म्हणजे बघा, ज्याच्या डोक्यात हवेचा टायर सर्वांत आधी आला त्याचं भरीव रबराचं चाक आपल्या देशात आधी पोचलं, आणि हवेचा टायर नंतर दुसऱ्याच्या नावाने आला. थॉमसन १८७३ साली गेले. डनलॉप यांनी त्यांचं काम चोरलं असं कुणीही म्हणत नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं.

आता फायनल इयरच्या मित्रांनो, खरं सांगा. प्रोजेक्ट रिपोर्टमधला लिटरेचर सर्व्हे हा चॅप्टर आपण कधी लिहितो? बाइंडिंगच्या आदल्या रात्री, सीनिअरच्या रिपोर्टवरून. डनलॉप यांच्या एका न केलेल्या सर्व्हेची किंमत अख्खं पेटंट होती.

डनलॉप विरुद्ध मिशलँ

कंपनी तरी वाचली कशी? ड्यू क्रॉ हुशार होते. डनलॉपच्या मूळ टायरमध्ये एक मोठा दोष होता. तो रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झाला की सगळं सोलून काढायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चिकटवायचं आणि वाळत ठेवायचं. अर्धा दिवस गेला. १८९० सालीच चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला, रिमवरून काढता-घालता येणारा टायर काढला आणि बार्टलेट यांनी कडा रिमच्या खाचेत अडकवणारा टायर काढला. वेल्चचं पेटंट कंपनीने विकत घेतलं, पुढे बार्टलेटचंही. आजही आपल्या गाडीच्या टायरच्या कडेत पोलादी तारेचं कडं असतं, ज्याला आपण बीड म्हणतो. त्याची वंशावळ वेल्चपर्यंत जाते.

तिकडे फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर झालेला डनलॉप टायर घेऊन आला. तो काढायला तासन्‌तास गेले, वाळायला रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी थोडं अंतर जाताच तो पुन्हा बसला. दुसरा कुणी म्हणाला असता की हा टायर बेकार आहे. एदुआर मिशलँ यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या. हवेवर चालणं मस्त आहे, आणि चिकटवणं बेकार आहे. १८९१ साली त्यांनी सुटा होणारा टायर आणला.

त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही साधारण १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. शार्ल तेराँ मिशलँ टायरवर, जीएल-लाव्हाल डनलॉप टायरवर. दोन प्रतिस्पर्धी टायरची इतकी जाहीर तुलना त्याआधी क्वचितच झाली असेल. तेराँ ७१ तास २२ मिनिटांत जिंकला. लाव्हाल काही तास मागे राहिला. मिशलँचा जयजयकार झाला.

पण इथेही व्हायवाचा प्रश्न आहेच. तेराँने लाव्हालला गाठलं कधी? तिसऱ्या रात्री, लाव्हाल झोपलेला असताना! पंक्चर दोघांचेही झाले होते आणि दुरुस्तीला तास-तास गेला होता. मग जिंकलं कोण, टायर की जागरण? परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना उत्तर सांगायला नको. मात्र एक निष्कर्ष त्या शर्यतीतून पक्का निघाला. पंक्चरचे तास धरूनही हे दोघे भरीव टायरवाल्यांच्या पुढे होते. दोन हवेच्या टायरमधला फरक त्या शर्यतीने सिद्ध केला नाही, पण हवा आणि भरीव रबर यांच्यातला फरक नक्की केला. कुठल्या आकड्यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे कळणं म्हणजेच अर्धं इंजिनिअरिंग.

मोटारीचं काय? जून १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस या मोटारींच्या शर्यतीत मिशलँ बंधू स्वतः हवेचे टायर लावलेली गाडी घेऊन उतरले. सोबतच्या २२ स्पेअर ट्यूब संपल्या. ठरलेल्या १०० तासांत ते पोचलेच नाहीत. पहिला आलेला लव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत परत आला होता. स्कोअरबोर्ड बघितला तर हवेचा टायर साफ नापास. पण बघणाऱ्यांनी पाहिलं की गाडी चालू असताना ती सरळ आणि सुसाट जात होती. थोड्याच वर्षांत बहुतेक मोटारी हवेच्या टायरवर आल्या.

पैसा कुणाचा, नाव कुणाचं

१८९६ साली कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि घेणाऱ्याने लगेच ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात आणली. तेव्हाच्या ३० लाख पौंडांचा अंदाज आपल्याला इथे बसून येणार नाही. डनलॉप मात्र आदल्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले होते. त्या उड्डाणातलं त्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही. ते डब्लिनला राहिले, एका कापड दुकानाच्या धंद्यात त्यांनी लक्ष घातलं आणि खाऊन-पिऊन सुखी असं आयुष्य काढलं. त्यांचा दाढीवाला चेहरा मात्र कंपनीचा ट्रेडमार्क झाला. चेहरा त्यांचा, नाव त्यांचं, नफा दुसऱ्यांचा. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे सहा-सात महिन्यांनीच, ६ मे १९२२ ला, आपले शाहू महाराज गेले. एकाच काळातली माणसं. डनलॉप यांनी लिहून ठेवलेला टायरचा इतिहास त्यांच्या मुलीने १९२४ साली पुस्तकरूपाने आणला.

नावाच्या बाबतीत रबराच्या धंद्यात हे नेहमीचंच. गंधक घालून रबर टिकाऊ करणारे चार्ल्स गुडइयर १८६० साली कर्जबाजारी होऊन गेले. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली आणि तिच्याशी त्यांच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता.

किंमत कुणी मोजली?

टायरचा हिशेब करताना एक रकाना नेहमी रिकामा राहतो, तो भरायला हवा. १८९० नंतर टायरमुळे रबराची मागणी एकदम वाढली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोमध्ये जंगली रबर गोळा करण्यासाठी गावागावांना कोटा लावला गेला. कोटा भरला नाही तर ओलीस, फटके, हात तोडणं. लाखो माणसं मेली. जगभर ओरड झाल्यावर १९०८ साली राजाच्या हातून काँगो काढून घेतला गेला. डनलॉप यांनी हे केलं नाही. मुलाच्या सायकलसाठी नळी फुगवणाऱ्या बापाला हे स्वप्नातही दिसलं नसेल. पण आपण बनवलेल्या वस्तूचा कच्चा माल कुठून येतो हा प्रश्न तेव्हापासून इंजिनिअरच्या टेबलावर पडून आहे. आज मोबाइलच्या बॅटरीतला कोबाल्ट मोठ्या प्रमाणात पुन्हा त्याच काँगोच्या भूमीतून येतो, हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

पुढे १८७६ साली ॲमेझॉनमधून लंडनला नेलेल्या बियांची झाडं सिलोन आणि मलायात वाढली, बागांचं रबर आलं आणि जंगली रबराचं राज्य संपलं. केरळातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागवड झाली. आज कोल्हापूरहून घाट उतरून दोडामार्गाकडे गेलं तर रबराच्या बागा दिसतात.

आपल्या दारातला डनलॉप

हुगळीच्या काठी साहागंज इथे १९३६ साली डनलॉपचा कारखाना सुरू झाला, भारतातला पहिला टायर कारखाना. तो आता बंद पडला आहे. पण नाव टिकलंय. सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला जग आजही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतं. उत्तरेकडे रबरी चाकांच्या बैलगाडीलाच लोक डनलप म्हणतात. आपल्याकडे ती टायरगाडी. हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेल्या टायरगाड्यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लाकडी चाकाची जागा टायरने घेतली, ओढणं हलकं झालं. पण ओढणं हलकं झालं म्हणून माणसाने माल वाढवला, आणि बैलाच्या मानेवरचं ओझं जिथल्या तिथे राहिलं. जनावरांच्या डॉक्टरचा शोध जनावरापर्यंत पोचला तो असा.

मग कुठला टायर घ्यायचा?

एवढं वाचल्यावर हा प्रश्न तुम्ही विचारणारच. ब्रँड सांगणार नाही, पद्धत सांगतो.

युरोपात उन्हाळी आणि हिवाळी असे वेगळे टायर असतात. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडू लागतं. कोल्हापुरात ती वेळ येत नाही, म्हणून दुकानात कुणी उन्हाळी टायर मागत नाही. आपल्याकडचे जवळजवळ सगळे टायर त्याच जातीचे. तुलना करायची ती तीन गोष्टींत: रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि झीज. एक वाढवली की दुसरी कमी व्हायला बघते. मऊ रबर घाटात धरतो पण लवकर झिजतो. कडक रबर टिकतो पण पावसात घसरतो. रबरात सिलिका मिसळून ही ओढाताण बरीच कमी झाली, १९९० च्या दशकापासून ते तंत्र पसरलं, पण ती पूर्ण संपलेली नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज यांचं लेबल असतं. आपल्याकडे २०२२ साली अधिसूचना निघाली आणि नव्या टायरना या तिन्ही बाबतींत मर्यादा लागू झाल्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे. समजा एक टायर ४००० रुपयांचा आणि ४० हजार किलोमीटर चालतो. किलोमीटरला १० पैसे. दुसरा ५००० चा, पण ६० हजार चालतो. किलोमीटरला सव्वाआठ पैसे. महाग तोच स्वस्त निघाला. पण हा हिशेब इथेच थांबवला तर घोटाळा होतो. हजार किलोची गाडी धरली तर एका चाकावर २५० किलो. हवेचा दाब ३० पीएसआय, म्हणजे साधारण २.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. भागाकार करा. सुमारे १२० चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढी जागा. जुलै महिन्यात, आंबा घाटात, धुक्यात, समोर अचानक ट्रक थांबल्यावर आपल्यात आणि दरीत असतात ते असले चार तळहात. किलोमीटरमागच्या पावणेदोन पैशांच्या फरकात ते बसत नाहीत. म्हणून आपल्या रस्त्याला, आपल्या पावसाला जो धरतो तो टायर आधी निवडायचा आणि मग उरलेल्यांत पैशाचा भागाकार करायचा.

आणि फुकटातली गोष्ट. हवा तपासायची, तीही टायर गार असताना. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि एप्रिल-मे मध्ये हायवेवर फुटतो. शेवटी डनलॉप यांनी जे विकलं ते रबर नव्हतं, हवा होती. तीच आपण भरायला विसरतो.

डनलॉप यांच्याकडे डिग्री दुसऱ्याच विषयाची होती, पेटंट हातातून गेलं, पैसा दुसऱ्यांनी नेला. तरी जगातलं जवळजवळ प्रत्येक रस्त्यावरचं वाहन आज त्यांनी अंगणात घडवलेल्या कल्पनेवर उभं आहे. त्यांनी केलं इतकंच की घरातल्या माणसाचा त्रास बघितला, वाद न घालता दोन चाकं शेजारी ठेवली आणि ढकलून दिली. पुढच्या वेळी हॉस्टेलवर टायरचा वाद पेटेल तेव्हा मामाचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि टेस्ट काय घेता येईल ते विचारा. झालंच तर मिनी प्रोजेक्टचा विषयही मिळून जाईल!